दोन माणसांचा कोट

जुन्या टपालघराचं संग्रहालय झालं, तेव्हापासून तिथे न चुकता हजर असणारं माणूस एकच, ते म्हणजे लांबूनबाई. हे नाव अर्थातच तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. शाळेच्या सहलीतल्या पोरांनी ठेवलं, आणि ते असं चपखल बसलं की खुद्द संग्रहालयाचे साहेब एकदा भर सभेत चुकून बोलून गेले. बाईचं काम म्हणजे तिथल्या दोन खोल्यांत जे काही मांडलं होतं त्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. एखादं बोट काचेच्या दिशेनं निघालं की ते पोहोचायच्या आत बाईचा आवाज पोहोचायचा, "लांबून! लांबून बघा!" त्या आवाजानं एका गृहस्थांच्या हातातला त्यांचा स्वतःचाच चष्मा खाली पडला होता.

आता राखायला तिथे होतं तरी काय? लाखेचे शिक्के, पितळी तराजू, टपालाच्या थैल्या, गंजकी कुलपं, पत्रं वेगळी करायचं कप्प्याकप्प्यांचं कपाट, टपालगाडी हाकणाऱ्याचा कर्णा आणि त्याच गाडीवाल्याचा काळा कोट. भरभर पाहिलं तर बाहेर ठेवलेला चहा गार व्हायच्या आत बघून व्हायचं. पण बाईला विचाराल तर राजाचा खजिना त्यापुढे फिका. आपल्या कामाबद्दल माणसानं असंच बोलावं, नाहीतर ते काम करावं कशाला?

घरी तिचा नवरा होता आणि नणंद होती. नवरा पाण्याच्या पंपांचा मिस्त्री. दिवसभर पंपांच्या घरघराटात राहून त्याला बोलण्याची गरज अशी फारशी उरली नव्हती. 'बरं' आणि 'बघू' या दोन शब्दांवर त्याचा संसार चालला होता. घरातली बाकीची सगळी बडबड त्याच्या बहिणीच्या वाट्याला आली होती. तिला त्यानंच लहानपणी नाव दिलं होतं टाचणी. अंगानं बारीक म्हणून, आणि बोलली की टोचते म्हणून. पुढे तिनं शिवणकाम धरलं आणि नाव कायमचं झालं. तिनं घातलेला टाका उसवला असं कुणी सांगितलं तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याकडे संशयानं बघायचा.

टाचणी चाकांच्या खुर्चीत असायची. अगदी लहान असताना ताप आला आणि जाताना पाय घेऊन गेला. त्याचं तिनं कधी रडगाणं केलं नाही. बाजार, बँक, कापडाचं दुकान, जिथे म्हणून चाकं जात तिथे ती जायची. पण पायऱ्या लागल्या की तिथून परत फिरायची, आणि त्याला कारण होतं. एकदा नात्यातल्या एका लग्नाच्या हॉलला चार दांडग्यांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं होतं. "उजवीकडून धर रे," "भिंतीला घासेल, जपून," "आता तिरकी कर," असं सगळं तिच्या डोक्यावरून चाललेलं. घरी आल्यावर तिनं जाहीर केलं, "मी काय कपाट आहे? आजपासून मला कुणी उचलायचं नाही. माझी चाकं जातील तिथे मी जाईन. जिथे जाणार नाहीत ती जागा बसू दे माझ्यावाचून." तो नेम तिनं कधी मोडला नाही. आणि संग्रहालयाच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, चांगल्या उंच, दगडी.

म्हणून लांबूनबाईला तिथे नोकरी लागली त्या पहिल्याच संध्याकाळी टाचणीनं विचारलं, "सांग वहिनी, काय काय आहे आत?" संध्याकाळी ती मशीन बंद ठेवून हातशिवणीची कामं काढायची, काज, बटणं, तुरपाई. तोंड मोकळंच असायचं. वहिनीनं आपलं खरं ते सांगितलं. तराजू आहे, कुलपं आहेत, एक कोट आहे.

"कसा आहे कोट?"

"काळा."

"एवढंच?" टाचणी म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उतरला की वहिनीला वाटलं, आपण हिच्या ताटातला घास काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी कोट गुडघ्यापर्यंत आला. तिसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत. पुढच्या आठवड्यात कोटात गाडीवाला शिरला. हा गाडीवाला म्हणजे नुसता पहाड. एका हातानं चार घोडे आवरायचा, दुसऱ्या हातानं कर्णा फुंकायचा, आणि फुंकला की खिडक्यांची तावदानं थरथरायची. "आणि थंडीत एखादा प्रवासी कुडकुडायला लागला ना," वहिनीनं सांगितलं, "की त्याला सरळ आपल्या कोटाच्या आत घ्यायचा. ये बाबा, म्हणायचा. दोन माणसं मावतील एवढा कोट."

टाचणीची सुई थांबली. "दोन?"

"दोन. आणि वर जागा उरेल."

टाचणी इतकी खूश झाली की त्या रात्री तिनं भावाला बळजबरीनं सगळी गोष्ट ऐकवली. भाऊ म्हणाला, "बरं." त्यानं तो कोट पाहिलेला होता. काचेत टांगलेला खरा कोट त्याच्या स्वतःच्या अंगातही आला नसता. गाडीवाला चांगलाच चिमणा माणूस असावा. पण मिस्त्रीनं कधी कुणाच्या चालू पंपात बोट घातलं नव्हतं. बायकोच्याही नाही.

अशी वर्षं गेली. तराजूवर हत्तीचं पिल्लू तोलता येऊ लागलं, कुलपांच्या किल्ल्या हातभर झाल्या. लांबूनबाईला त्यात काही गैर वाटत नव्हतं. थोडं तिखटमीठ लावल्याशिवाय घास जातो का खाली? शिवाय टाचणी थोडीच तिथे येणार होती!

आणि मग नकाशावाली आली.

ती शिकून आलेली, इमारतींचे नकाशे काढणारी मुलगी. काखेत नकाशांच्या गुंडाळ्या, खिशात टेप आणि जिभेवर 'का?' हा एकच प्रश्न. संग्रहालय सगळ्यांना नीट बघता आलं पाहिजे, कुणी दारातून परत जाता कामा नये, असं विश्वस्तांनी ठरवलं होतं आणि ते काम तिच्याकडे आलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं कुठूनशी एक चाकांची खुर्ची आणली आणि लांबूनबाईला म्हणाली, "मावशी, बसा यात. आणि तुमचं संग्रहालय बघून या."

"मला काय बघायचंय? मी रोज बघते."

"रोज उभ्यानं बघता. आज बसून बघा."

बाई हसत हसत बसली. पहिल्या खोलीत कप्प्यांच्या कपाटापाशी चाक अडलं, कसंबसं सोडवलं. तराजूच्या टेबलापाशी गेली तर तिला दिसली टेबलाची खालची फळी, आणि फळीला कुणीतरी चिकटवलेलं जुनं च्युइंगगम. कोटाच्या काचेपाशी गेली तर काचेत दिव्याची तिरीप आणि तिच्यामागे तिचं स्वतःचं कपाळ. कोटाचं फक्त खालचं टोक. चिठ्ठीवरची माहिती वाचायला मान मोडून वर बघावं लागलं आणि तरी अक्षरं मुंग्यांएवढी. ज्या वस्तूंसाठी तिनं आयुष्यभर घसा कोरडा केला त्यातली एक वस्तू धड दिसेल तर शपथ. खुर्चीतून उठताना तिचं हसू गेलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर टाचणी होती. ही पोर एवढ्या वर्षांत इथे आली असती, उचलून का होईना आली असती, तरी तिला च्युइंगगमच दिसलं असतं, या विचारानं तिला रडूच आलं.

"करा मॅडम, काय करायचं ते," ती नाक पुसत म्हणाली. "सगळं खाली आणा."

मग जी तोडफोड सुरू झाली, काही विचारू नका. पायऱ्यांच्या शेजारून उतार करायचा होता. गवंड्यानं पहिला उतार केला तो असा की नकाशावाली त्यावर उभी राहिली आणि घसरत थेट वाळूच्या ढिगात जाऊन बसली. "हा उतार आहे की घसरगुंडी?" तिनं विचारलं. गवंडी म्हणाला, जागाच एवढी आहे. नकाशावाली म्हणाली, मग वळवून घ्या. पाडून पुन्हा केला, लांबच लांब, मध्ये वळण आणि दम खायला सपाट जागा, बाजूनं हाताला धरायला दांडी. काचेची कपाटं खाली आली, दिवे बाजूला सरकले, अक्षरं मोठी आणि ठसठशीत झाली, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी खाली ब्रेलची पट्टी आली. मधल्या जागेत चाकं गरकन फिरतील एवढी वाट सुटली. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे एक लांब टेबल आलं, ज्यावरच्या वस्तूंना हात लावायचा होता.

"हात लावायचा?" लांबूनबाईनं विचारलं. "मग मी कशाला?"

"हात लावा म्हणायला," नकाशावाली म्हणाली.

बाईच्या जिभेला ते वळण पडेना. सरावाला तिनं घरी नवऱ्यापासून सुरुवात केली. ओट्याशी उभी राहून म्हणाली, "या, हात लावून बघा." नवरा आज्ञाधारक. त्यानं समोर होतं त्या पातेल्याला हात लावला. पातेलं नुकतंच उतरवलेलं होतं. त्यानंतर तिनं सराव संग्रहालयातच केला.

हे सगळं चाललं होतं आणि तिला आनंदही होत होता. पण एका संध्याकाळी टाचणीनं सहज विचारलं, "उतार कधी पुरा होतोय गं? मी येणार हं पहिल्याच दिवशी. माझा तो राक्षसाचा कोट बघायला." लांबूनबाईनं इतकी वर्षं जे शेत पेरलं त्याची कापणी आता होणार होती. पहिला उतार पाडला त्या दिवशी तिला मनातल्या मनात हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची अशी लाज वाटली की तिनं गवंड्याला जाऊन चहा पाजला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. ती टाचणीसमोर कोटाचं नावच काढेनाशी झाली. पण कोट काही तिला सोडायला तयार नव्हता.

झालं असं की, खरा कोट फार जीर्ण होता, त्याला हात लावला तर चिंध्या हातात यायच्या. नकाशावालीला त्याच्यासारखाच एक नवा कोट हवा होता, लोकांनी चाचपावा, अंगात घालून बघावा असा. "कुणी चांगलं शिवणारं आहे का माहितीत?" तिनं विचारलं.

"माझी नणंद!" लांबूनबाई म्हणाली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. नणंदेचा अभिमान पुढे धावला आणि अक्कल मागून पोहोचली, तोवर नकाशावालीनं टाचणीला फोनसुद्धा लावला होता.

टाचणीचं पाऊल, म्हणजे चाक, जमिनीवर ठरेना. गल्लीतले झगे आणि पडदे शिवून शिवून ती कंटाळली होती. आता तिच्या हातचा कोट संग्रहालयात लागणार, लोक दुरून येऊन तो घालणार! जाड लोकरी कापड आलं, अस्तर आलं, पितळी बटणं आली. मग फोनवर नकाशावालीनं मापं सांगितली. टाचणी ऐकत गेली आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या. फोन ठेवून ती फिस्सकन हसली.

"वहिनी, या मापात शाळकरी पोर मावेल. त्या मुलीनं घडी घातलेला कोट मोजला की काय?"

"अगं, टेप लावून मोजला असेल ना," लांबूनबाई चाचरत म्हणाली.

"टेप घसरतो. कापड दुमडलं की टेप खोटं बोलतो, मला नको सांगूस. तू किती वर्षं त्या कोटासमोर उभी आहेस! मी टेपवर विश्वास ठेवू की तुझ्यावर?"

बोलायची वेळ हीच होती. लांबूनबाईनं तोंड उघडलं. समोर टाचणी खडू हातात घेऊन बसलेली, डोळे चमकत होते.

"दूध उतू जातंय," लांबूनबाई म्हणाली आणि आत गेली. शेगडीवर दूध नव्हतंच.

त्या रात्री तिनं नवऱ्याला गाठलं. "अहो, तुम्ही सांगा ना तिला. तुमची बहीण आहे."

"तो कोट मोठा कुणी केला?" नवऱ्यानं विचारलं.

"मी."

"मग लहान पण तूच कर. पंप बिघडला तर मला बोलव."

टाचणीनं कोट बेतला. कापड पुरलं नाही म्हणून आणखी मागवलं. नकाशावाली त्या वेळी गवंड्याशी उताराच्या वळणावरून भांडत होती, तिनं काही न विचारता पाठवून दिलं. घरात कोट वाढू लागला. आधी मशीनवर मावेना, मग टेबलावर मावेना, मग त्याच्यासाठी पलंग रिकामा करावा लागला. टाचणी मधूनच विचारायची, "बाही इथपर्यंत ना गं?" वहिनी म्हणायची, "थोडी कमी चालेल." टाचणी म्हणायची, "काटकसर कशाला? दोन माणसं म्हणालीस ना, मग दोन माणसांचे हात जायला हवेत." एकेक टाका असा बारीक, असा सरळ की बघतच राहावं. लांबूनबाई बघत राहायची आणि तिचा जीव तुटायचा. आपल्या एका थापेवर ही पोर एवढं सुंदर काम उभं करतेय, आणि चार लोकांत त्याचं हसं होणार. ती उद्या सांगू, परवा सांगू करत राहिली. पहिल्या दिवशी सांगायला जे धैर्य लागलं असतं त्याच्या दसपट आता लागत होतं, आणि तिच्याकडे पहिल्या दिवसापुरतंही नव्हतं.

नव्या संग्रहालयाचा पहिला दिवस उजाडला. टाचणीनं कोट कुणाच्या हाती दिला नाही. स्वच्छ चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला. गाठोडं एवढं मोठं की पलीकडून फक्त तिचे डोळे दिसत होते.

उताराशी आल्यावर सवयीनं भावाचा हात खुर्चीच्या मागे गेला. "हात मागे," टाचणी म्हणाली. दांडी धरून, चाकं फिरवत ती वर निघाली. वळणावर सपाट जागेत क्षणभर थांबली, श्वास घेतला, पुन्हा निघाली. वर दारात लांबूनबाई उभी होती. टाचणी उंबरा नसलेल्या त्या दारातून सरळ आत आली आणि तिनं मागे वळून उताराकडे पाहिलं. तिचा चेहरा असा फुलला होता की लांबूनबाई सगळं विसरली. नणंद आपली आपण इथे आली, एवढंच तिला दिसत होतं.

आत नकाशावालीनं मुद्दाम बोलावलेली मंडळी होती. पांढरी काठी घेतलेले एक आजोबा, कुबड्यांवरचे एक जाडजूड बेकरीवाले, चाकांच्या खुर्चीतल्या एक शिक्षिका, आणि साहेब. टाचणीनं कुणाकडे पाहिलं नाही. "कोट कुठाय?" म्हणत ती थेट आतल्या खोलीत गेली.

कोट काचेत होता. काच खाली आणलेली, दिवा बाजूला, कुठे तिरीप नाही. बसल्या माणसाच्या डोळ्यांसमोर नेमका सगळा कोट, कॉलरपासून टोकापर्यंत, लख्ख. कपाट पूर्वीसारखं उंच असतं तर थाप कदाचित आणखी काही दिवस निभावली असती.

टाचणीनं नजरेनंच त्याचे खांदे मोजले, बाही मोजली. मग तिनं विचारलं, "वहिनी, हा कुणाचा?"

"गाडीवाल्याचा."

"त्या गाडीवाल्याचा? पहाडाचा?"

लांबूनबाईनं मान हलवली.

"म्हणजे टेप बरोबर होता," टाचणी म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की तो टोचण्यापेक्षा वाईट लागला. "मी त्या मुलीला वेड्यात काढलं. टेपला खोटं पाडलं, तुझ्यासाठी. आणि तू बघत बसलीस. मला वाटलं, सगळे मला जपून, तिरकी करून सांगतात, एक तू तेवढी सरळ सांगतेस."

तिनं गाठोडं मांडीवरून उचललं, बाकावर ठेवलं, खुर्ची गरकन वळवली आणि निघाली. भाऊ पुढे झाला तर म्हणाली, "कुणी यायचं नाही." आता तिला जायलाही कुणाची गरज नव्हती. लांबूनबाई तरी धावलीच. उताराच्या वळणावर तिनं नणंदेला गाठलं.

"पहिल्या दिवशी मी खरंच सांगितलं होतं गं. तू 'एवढंच?' म्हणालीस. तुझं तोंड एवढंसं झालं. मला नाही बघवलं."

"मग दुसऱ्या दिवशी म्हणायचंस, हो, एवढंच," टाचणी म्हणाली. "मी काय मेले असते?" आणि दांडी सोडून ती खाली गेली, रस्त्याला लागली.

खोट्याच्या कपाळी गोटा. लांबूनबाई डोळे पुसत आत आली, तर आत वेगळाच गोंधळ चाललेला. पांढऱ्या काठीवाल्या आजोबांनी बाकावरचं गाठोडं सोडलं होतं. हात लावायचं संग्रहालय आहे म्हटल्यावर त्यांनी कुणाला विचारलं नाही. ते कोटाची एक बाही धरून हातभर चाचपत गेले, आणखी हातभर गेले, तरी बाही संपेना.

"हा कोट आहे की तंबू?" त्यांनी विचारलं.

साहेब चपापले. "बाई, मापात काही गफलत झालेली दिसते."

"नाही साहेब," लांबूनबाई म्हणाली. "शिवणारीनं मी सांगितलं तसाच शिवलाय, टाक्याचाही फरक नाही. मी तिला वर्षानुवर्षं वाढवून सांगितलं. चूक माझी आहे. तिच्या कामाला कुणी नाव ठेवायचं नाही." तिला वाटलं होतं हे बोलायला फार जड जाईल. पण ते झटकन बाहेर पडलं, आणि ती मनात म्हणाली, मेले, हेच घरी बोलली असतीस तर!

पण ऐकत होतं कोण? बेकरीवाल्यांनी कोट अंगावर ओढला होता. कुबड्या काखेत तशाच, वरून कोट, आणि बटणंसुद्धा लागली. "मला कुठल्या कोटाची बटणं लागलेली आठवत नाहीत," ते म्हणाले आणि तसेच आरशासमोर फेरी मारून आले. मग शिक्षिकाबाईंनी हात पुढे केला. बसून कोट घालायचा म्हणजे मागे त्याचं बोचकं होतं, बाह्या आखडतात, हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी हात घातले आणि कोट त्यांच्यावरून, खुर्चीच्या पाठीवरून, हातांवरून अलगद खाली आला. खाली फक्त चाकांचे तळ दिसत होते. त्यांनी हसत हसत खोलीभर चक्कर मारली. नकाशावाली टेप हातात धरून नुसती बघत होती.

एवढ्यात दारातून आवाज आला, "थांबा! हलू नका!"

टाचणी होती. अर्धी गल्ली गेल्यावर तिला आठवलं होतं की खालच्या दुमडीत टाचण्या तशाच आहेत, घालून बघितल्यावर पक्की करायची म्हणून ठेवलेल्या. राग आपल्या जागी आणि काम आपल्या जागी. आपल्या हातच्या कपड्यात कुणाला टाचणी टोचली तर तिला झोप लागली नसती. ती तशीच वळून उतार चढून आली होती. धापा टाकत शिक्षिकाबाईंच्या शेजारी आली, वाकली आणि एकेक टाचणी काढून दातांत धरू लागली.

"तुम्ही शिवलात?" शिक्षिकाबाईंनी विचारलं. "मी खुर्चीसकट मावते हो यात!"

"चुकून मोठा झालाय," टाचणी दातांतून म्हणाली. "घरी नेऊन उसवणार आहे."

"खबरदार हात लावाल तर!" शिक्षिकाबाई म्हणाल्या. लांबूनबाईलासुद्धा इतक्या जोरात ओरडता आलं नसतं.

टाचणीनं शेवटची टाचणी काढली. ती वर बघत राहिली, शिक्षिकाबाईंकडे, रांगेत उभ्या राहिलेल्या आजोबांकडे, पुन्हा घालायला मागणाऱ्या बेकरीवाल्यांकडे. मग वहिनीकडे तिरक्या नजरेनं बघत म्हणाली, "माझा राग गेलेला नाही हं."

"नको जाऊ दे," लांबूनबाई म्हणाली.

"तराजू?"

"तोही मोठा केलाय. किल्ल्यासुद्धा."

"आणि कर्णा?"

लांबूनबाईनं तोंड उघडलं. तेवढ्यात रांगेला कंटाळलेल्या आजोबांनी टेबलावरचा कर्णा उचलला आणि छाती फुटेस्तोवर फुंकला. तावदानं खडखडा थरथरली. सगळ्यांत जास्त दचकली लांबूनबाई, कारण आजवर तिनं तो कुणाला फुंकूच दिला नव्हता.

"चला, एक तरी खरं निघालं," टाचणी म्हणाली.

शिक्षिकाबाईंनी कोट उतरवून दिला. टाचणीनं तो खुर्चीवरून स्वतःच्या अंगावर ओढून घेतला, बाह्यांत हात घातले, बटणांवरून बोटं फिरवली. लांबूनबाई सवयीप्रमाणे हातभर अंतर राखून उभी होती. हुंदका दाबून दाबून तिचे खांदे हलत होते.

"कापतेयस कशी बघ थंडीनं," टाचणी म्हणाली. ऊन चांगलं कडक होतं. तिनं कोटाची एक बाजू उघडून धरली. "लांबून काय बघतेस? ये आत."

लांबूनबाई खाली वाकली, नणंदेच्या खुर्चीला टेकून बसली, आणि टाचणीनं कोट दोघींभोवती घेतला, वरपासून खालपर्यंत एकेक बटण लावलं. दोघी मावल्या, आणि वर थोडी जागा उरली.